अडतीस पोत्यांची यादी

देवचंदभाऊंच्या बियाणे कंपनीत माझं काम एका दिवसाचं होतं. सकाळच्या एसटीने जळगावहून धुळ्याला यायचं, कंपनीचा एकुलता एक कॉम्प्युटर कितपत सुरक्षित आहे ते पाहायचं, सत्तावीस प्रश्नांचा फॉर्म भरायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचं. १९९२ चा मे महिना होता. फिजिक्समध्ये बी.एस्सी. होऊन मला दहा महिने झाले होते. जळगावच्या ज्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवत होते, त्यांनी नुकतंच हे नवं काम सुरू केलं होतं. फ्लॉपीतून व्हायरस येतो आणि मशीनमधली माहिती जाते, हे तोवर कारखानदारांच्या कानावर गेलं होतं, आणि त्यांना कोणीतरी येऊन 'सगळं ठीक आहे' असं सांगायला हवं होतं. निघताना सरांनी बजावलं होतं, "विशाखा, मालक खूश झाला तर वर्षाचं काम मिळेल. ते घेऊनच ये."

कंपनी आग्रा रोडवर, सोनगीरच्या बाजूला होती. पुढे ऑफिस, मागे पत्र्याचं मोठं गोदाम आणि गोदामाच्या पोटात विटांची, जाड भिंतींची एक खोली. त्या खोलीत मूळ बियाणं असायचं. संकरित कपाशीचं बी तयार करायला नर वाण आणि मादी वाण वेगवेगळ्या ओळींत पेरावे लागतात. कोणत्या नरावर कोणती मादी, हेच कंपनीचं गुपित. खोलीत अशी अडतीस पोती होती आणि पोत्यांवर नाव नव्हतं, फक्त आकडा. कोणता आकडा म्हणजे कोणता वाण, ही यादी कॉम्प्युटरमध्ये होती.

"आणि कागदावर?" मी विचारलं.

"कागद नाही," देवचंदभाऊ म्हणाले. दोन वर्षांपूर्वी त्यांचा एक माणूस कागदावरची यादी घेऊन दुसऱ्या कंपनीत गेला होता. त्यानंतर त्यांनी सगळे कागद जाळले आणि दर जानेवारीत आकडे बदलायचं ठरवलं. आता यादी उघडायचा परवलीचा शब्द दोघांनाच माहीत होता, त्यांना आणि ऑपरेटर सुनंदाबाईंना. चोर यादी नेऊ शकणार नाही याची त्यांना खात्री होती, आणि ती खरीही होती. मी फॉर्मवर त्या प्रश्नाला पूर्ण गुण दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दोन जीप निघणार होत्या, एक सोनगीरला आणि एक पिंपळनेरला. विहिरीचं पाणी असलेले शेतकरी मेअखेरच पेरणी करतात. त्यांना मूळ बियाणं पोहोचवायचं होतं. त्याआधी देवचंदभाऊ पडद्यावर यादी बघणार आणि पोती जोडीजोडीने काढून देणार, अशी पद्धत होती.

कॉम्प्युटरची खोली छोटी होती आणि तिथे कंपनीतला एकमेव एअर कंडिशनर होता. बाहेर पंचेचाळीस अंशांचं ऊन. साहजिकच ज्याला त्याला त्या खोलीत काहीतरी काम निघत होतं. सुनंदाबाई प्रत्येकाला चपला बाहेर काढायला लावत होत्या, पण आत आलेल्याला काय हवंय हे कोणी विचारत नव्हतं. "या बाईंना धूळ दिसते, माणूस दिसत नाही," देवचंदभाऊ म्हणाले, आणि स्वतःच खुर्ची ओढून एसीखाली बसले.

अकराव्या प्रश्नावर मी आले. महत्त्वाच्या माहितीची नक्कल ठेवता का? सुनंदाबाईंनी रजिस्टर उघडून दाखवलं. जानेवारीत यादी बदलली त्याच दिवशी तिच्या तीन नकला तीन फ्लॉप्यांवर काढल्या होत्या. पुढे शेरा होता, 'मूळ बियाण्याच्या खोलीत दिल्या', आणि भांडार सांभाळणाऱ्या लोटन नानांचा अंगठा. खोलीला कुलूप, किल्ली फक्त नानांच्या कमरेला. एक सोडून तीन नकला होत्या, तारीखही होती. मी 'हो' लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाकडे गेले.

मग मी मशीन तपासलं. सुरू झाल्यावर एक आज्ञा दिली की ते आपली मेमरी मोजून दाखवतं. ६५५,३६० बाइट दिसायला हवे होते. ६५३,३१२ दिसले. मी वजाबाकी केली, २,०४८. मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेवढेच. दोन हजार अठ्ठेचाळीस बाइट कोणीतरी व्यापून बसलं होतं आणि ते कोण हे मशीन सांगत नव्हतं. माझ्याकडच्या तपासणीच्या फ्लॉपीलाही ते ओळखता आलं नाही. सुनंदाबाईंना विचारलं तेव्हा कळलं, की पिंपळनेरच्या केंद्रातून दर आठवड्याला एक फ्लॉपी एसटीच्या पार्सलने येते आणि ती थेट मशीनमध्ये जाते.

मी देवचंदभाऊंना म्हटलं, की मशीनमध्ये व्हायरस आहे.

"करतो काय तो?"

ते मला माहीत नव्हतं. काही व्हायरस ठरावीक तारखेची वाट बघतात, एवढं मी सांगितलं.

"ताई, इथे दर पोत्यातून चारशे दाणे मोजून ओल्या कागदात ठेवतात. किती उगवले ते मोजतात. नुसतं बघून कोणी सांगितलं की बी चांगलं आहे, तर मी त्याला दारात उभं करत नाही. तुम्ही म्हणता व्हायरस आहे. मग पेरणी संपेपर्यंत तो काही करणार की नाही, हे मला दाखवा."

मी तेव्हा नाही म्हणू शकले असते. आधी क्लासमधून दुसरं मशीन मागवते, असं म्हणू शकले असते. पण खरं सांगायचं तर मलाही बघायचं होतं. कॉलेजच्या मशीनवर मी जो व्हायरस पाहिला होता तो पडद्यावर एक टिंब नाचवायचा आणि बाकी काही करायचा नाही. शिवाय नकला होत्या. रजिस्टरमध्ये अंगठा होता.

मी मशीनचं घड्याळ एक दिवस पुढे केलं आणि मशीन बंद करून सुरू केलं. २१ मे. काही नाही. २२ मे. काही नाही. २३, २४, २५. प्रत्येक वेळी मशीन गुरगुरायचं, हिरवा दिवा लुकलुकायचा, विझायचा, आणि पडद्यावर ठिपका येऊन उभा राहायचा. सुनंदाबाई प्रत्येक तारखेनंतर हळूच श्वास सोडत होत्या. २६. २७. देवचंदभाऊ उठायला लागले होते.

२८ मेला दिवा विझला नाही.

मी दोन सेकंद थांबले, कदाचित तीन. आवाज नेहमीसारखा तुटक नव्हता, एकसारखा चालला होता, चाळणीतून दाणे पडत राहावेत तसा. मग मी भिंतीवरचं बटण बंद केलं. पुन्हा सुरू केल्यावर मशीनला स्वतःची डिस्कच सापडत नव्हती. यादी गेली होती. तिच्यासोबत तीन वर्षांचं सगळंच गेलं होतं.

"नक्कल आहे ना," मी म्हणाले. माझा आवाज मला बरा वाटला.

सुनंदाबाईंनी नानांना बोलावलं. लोटन नाना साठीचे, अंगात स्वच्छ पांढरी बंडी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. अठरा वर्षं मूळ बियाणं त्यांच्या ताब्यात होतं. त्यांनी पत्र्याचा एक डबा दोन्ही हातांनी धरून आणला आणि टेबलावर ठेवून झाकण उघडलं.

डबा राखेने भरलेला होता. वर वाळलेला कडुलिंबाचा पाला. राखेत तीन फ्लॉप्या उभ्या खोचलेल्या होत्या, पाकिटांशिवाय.

"देखा ताई, एक किडा नही लागना," नाना म्हणाले. "कागदले वाळवी लागस म्हनीसन पाकिटं काढी टाकात."

त्या खोलीतलं प्रत्येक बी असंच राहत होतं. नानांनी स्वतःच्या हातांनी तीन वेळा चाळलेली बाभळीची राख आणि पाला. अठरा वर्षांत एका पोत्यालाही कीड लागली नव्हती. पण त्या काळच्या मोठ्या फ्लॉपीच्या आवरणाला मधोमध एक लांबट खिडकी असते, तिच्यातून आतली तपकिरी तबकडी उघडी दिसते. मी एक फ्लॉपी उचलली आणि तबकडी बोटाने फिरवली. आतून करकर आवाज आला.

देवचंदभाऊंना काही समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग डब्याकडे, मग नानांकडे.

"नाना, किल्ल्या ठेवा इथे."

नानांना कळायला वेळ लागला. मग त्यांनी जुडगा सोडला आणि टेबलावर ठेवला. ते भिंतीला टेकून उभे राहिले, खोलीबाहेर गेले नाहीत.

मी म्हणाले, "भाऊ, तारीख मी बदलली."

"नक्कल चांगली असती तर तुमच्या तारखेने काय बिघडलं असतं?"

यादी परत आली नाही तर सकाळी जीप निघणार नव्हत्या, आणि नानांना उद्यापासून यायची गरज नव्हती, हे देवचंदभाऊंनी शांतपणे सांगितलं. घड्याळात पावणेदोन झाले होते. चार वाजता त्या भागातली वीज रोज जायची ती सातपर्यंत. सातनंतर मशीन सुरू झालं असतं, पण देवचंदभाऊंचा सुरतेचा भागीदार पाच वाजता फोन करणार होता आणि त्याला उत्तर द्यावं लागणार होतं.

पहिल्या फ्लॉपीच्या बाबतीत मी घाई केली. रबरी पंपाने राख उडवली, मऊ ब्रशने खिडकी पुसली, माझ्या स्वच्छ फ्लॉपीवरून मशीन सुरू केलं आणि ती आत घातली. ड्राइव्हने किंचाळी मारली. बाहेर काढली तर तबकडीवर नखाने ओढावा तसा गोल ओरखडा. आता ड्राइव्हच्या, तबकडी वाचणाऱ्या भागालाच राख लागली होती. तो एकच ड्राइव्ह होता. दुसरा मिळाला असता तर जळगावला.

कापसाच्या बोळ्याने आणि स्पिरिटने मी तो भाग पुसला. मी स्वतःला प्रयोगशाळेतल्यासारखे प्रश्न विचारायला लागले. तबकडी कशाची? प्लास्टिकची, वर लोखंडी गंजासारखा थर. पाण्याने बिघडेल? पाण्याने नाही, पाण्यातल्या क्षारांनी. मग राख सुटेल कशाने?

"सुनंदाबाई, उगवण तपासायला पाणी कोणतं वापरता?"

"डिस्टिल्ड. कॅन भरलेला आहे."

"आणि कागद?"

"टिपकागद. रीमच्या रीम."

दुसऱ्या फ्लॉपीवर, मधल्या भोकाजवळ, मी पेन्सिलीने वरच्या बाजूची खूण केली. ब्लेडने आवरणाची एक कड कापली आणि तबकडी दोन बोटांनी, फक्त कडेला धरून बाहेर काढली. सुनंदाबाईंनी बियाण्याच्या चाचणीचा पांढरा ट्रे धुऊन त्यात पाणी ओतलं. तबकडी पाण्यात हलवली तशी राख निघू लागली. पाणी राखाडी झालं. ट्रे बदलला. पुन्हा राखाडी. पाचव्या ट्रेला पाणी स्वच्छ राहिलं. मी ती टिपकागदांत ठेवून वरून दाबली. तेवढ्यात सुनंदाबाईंनी कोऱ्या फ्लॉपीचं आवरण कापून रिकामं करून ठेवलं होतं. तबकडी आत सरकवली, कड चिकटपट्टीने बंद केली.

तीन वाजून पाच मिनिटांनी ती मशीनमध्ये गेली. खरखर नाही. दिवा लागला. पडद्यावर यादीचं नाव आलं, सुनंदाबाईंनी परवलीचा शब्द टाकला, आणि मग ओळी यायला लागल्या.

"लिहून घ्या," मी म्हणाले, आणि माझं मलाच आठवलं की या कंपनीत ही यादी कागदावर लिहायला बंदी आहे. मी देवचंदभाऊंकडे पाहिलं. त्यांनी खिशातून स्वतः पेन काढलं, माझ्या फॉर्मची मागची कोरी बाजू ओढली आणि पडद्याजवळ बसले. आकडा, वाण. आकडा, वाण. एकविसावी ओळ आली आणि मशीन अडलं. पुढचा भाग वाचता येत नाही, पुन्हा प्रयत्न करू का, असं ते विचारत राहिलं. मी सात वेळा 'पुन्हा' दाबलं. बाहेर काढून पाहिली. कागदाने दाबताना मी एका जागी घासलं होतं. तबकडीवर आडवा पट्टा चमकत होता.

तिसरी फ्लॉपी. मी घड्याळ बघायचं नाही असं ठरवलं आणि तरी बघितलं. तीन सोळा. या वेळी कागदाने अजिबात दाबायचं नाही, नुसतं वाळू द्यायचं. पण ती वाळायला किती वेळ लागेल? बाहेरच्या उन्हात दोन मिनिटं, पण बाहेर धूळ. एसीच्या झोतात दहा-बारा. मी तबकडी पेन्सिलीवर अडकवून झोतासमोर धरून उभी राहिले. खांदा दुखायला लागल्यावर पेन्सिल कोणीतरी हातातून घेतली. नाना होते. त्यांचा हात माझ्याहून स्थिर होता. चाळणी धरणारा हात होता तो.

तीन वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी ती आत गेली. सुरुवातीच्या ओळी आल्या, त्या आमच्याकडे होत्याच. पंधराव्याला अडलं, सुटलं. बाविसावी आली. देवचंदभाऊ लिहीत होते आणि ओठांनी पुटपुटत होते. अठ्ठाविसावी, एकोणतिसावी. तिसावी ओळ अर्धी आली आणि नुसती चिन्हं दिसली. मी 'सोडून द्या' दाबलं. एकतिसावी, बत्तिसावी चिन्हंच. तेहेतिसावी नीट आली. चौतीस. पस्तीस. छत्तीस. सदतीस.

अडतिसावी आली. देवचंदभाऊंचं पेन कागदावरून उठलं आणि सहा मिनिटांनी एसी गप्प झाला.

तीन आकड्यांचे वाण मिळाले नाहीत. अडतीसपैकी ती तीन पोती बाजूला काढली. पेरून, फुलं बघून ओळख पटेपर्यंत ती निकामी होती. त्यात एका जोडीतली मादी होती. पिंपळनेरच्या दोन शेतकऱ्यांना त्या वर्षी बियाणं मिळणार नव्हतं, आणि त्यांनी रान तयार करून ठेवलं होतं. त्यांची नावं सुनंदाबाईंना माहीत होती. मी ती विचारून घेतली आणि अहवालात लिहिली.

खोली तापत होती. अहवाल मी तिथेच बसून लिहिला. नुकसान कशामुळे झालं या जागी मी असं लिहिलं: अकराव्या प्रश्नासमोर तपासणाऱ्या व्यक्तीने नकला डोळ्यांनी न पाहता 'हो' लिहिलं. नक्कल वापरून पाहण्याआधी तिने मशीनची तारीख पुढे केली. त्यानंतर मी लिहिलं की हा प्रयोग मालकांनी सांगितल्यावरून केला गेला.

देवचंदभाऊंनी वाचलं. शेवटच्या वाक्यावर ते थांबले, पण ते खोडलं नाही. त्यांना दुसरंच हवं होतं. हा कागद सुरतेला जाणार होता. भागीदाराला एक नाव द्यावं लागतं, ते म्हणाले. बाहेरची मुलगी आली आणि मशीन बिघडवून गेली असं सांगितलं तर तो विचारणार, की मग तिला बोलावलं कोणी? त्यापेक्षा 'भांडार सांभाळणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे' एवढं घाला. क्लासला वर्षाचं काम मिळेल, दर महिन्याला या.

सरांचं सकाळचं बोलणं माझ्या कानात होतं. मी ते काम घेऊन गेले नसते तर क्लासमध्ये मला किती दिवस ठेवलं असतं, हे मला सांगता आलं नसतं.

मी काही बोलायच्या आत सुनंदाबाई म्हणाल्या, "भाऊ, जानेवारीत मीच नानांना सांगितलं होतं. मूळ बियाणं जपता तसंच हे जपा. राखेत नको, असं मी म्हटलं नव्हतं." त्या टेबलाकडे बघत बोलत होत्या. "आणि नंतर उघडून बघायला मी कधी गेले नाही."

"तो शब्द मी लिहिणार नाही," मी म्हणाले. "हलगर्जीपणा इथे माझा आहे. तो मी लिहिला आहे."

देवचंदभाऊंनी कागद खाली ठेवला. वर्षाचं काम आमच्या क्लासला मिळणार नाही, हे त्यांनी न चिडता सांगितलं. मी मान हलवली.

तेव्हा नाना भिंतीपासून पुढे आले. सगळा वेळ ते ऐकत होते.

"चूक ताईनी व्हती, मंग मन्ही किल्ली कसाले लिधी, भाऊ?"

मग माझी किल्ली का घेतली, असं ते विचारत होते. देवचंदभाऊंनी जुडगा टेबलावरून नानांच्या बाजूला सरकवला.

नानांनी तो उचलला नाही. त्यांनी माझ्या कागदाकडे बोट केलं. "तेबी लिखा."

मला आधी कळलं नाही. किल्ली घेतली आणि परत दिली, तेही लिहा, असं ते म्हणत होते. मी देवचंदभाऊंकडे पाहिलं नाही. मी लिहिलं: 'दुपारी दोनच्या सुमारास भांडाराच्या किल्ल्या लोटन नानांकडून काढून घेण्यात आल्या. त्यांची चूक नसल्यामुळे त्या साडेचारला परत देण्यात आल्या.'

"बाई, वाची दखाडा," नाना सुनंदाबाईंना म्हणाले.

सुनंदाबाईंनी वाचलं. नाना मान खाली घालून ऐकत राहिले. मग त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर देवचंदभाऊंनी खाली सही केली, आणि नानांनी किल्ल्या कमरेला लावल्या.